लांजेवारभाऊ चित्र बघायला शिकतात

आमच्या खालच्या मजल्यावरचे लांजेवारभाऊ तुम्हाला पहिल्यांदा भेटले, तर नमस्कार करायच्या आधी ते तुमच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरतील. रागावू नका. कापड एकदा बोटांमधून सरकवतील, उजेडाच्या बाजूला तुम्हाला जरासं वळवतील आणि सांगतील की काखेपासून चार बोटं खाली एक धागा ओढला गेलाय, दोन पॉइंट. मग नमस्कार करतील. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला असाच स्टेजवर गोल फिरवला. फोटोग्राफरला वाटलं, हाही एखादा विधी असेल, म्हणून त्याने सहा फोटो काढले. ते अल्बममध्ये सप्तपदीच्या आधी लावलेले आहेत.

भाऊ बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात एकोणतीस वर्षं कापड तपासायचे. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं तिरपं टेबल असतं, त्यावरून कापड सरकत राहतं आणि तपासणारा माणूस वाकून बघत राहतो. फॉल्ट दिसला की मशीन थांबवायची, काठाला लाल बाणाचा स्टिकर लावायचा आणि वहीत एक ते चार पॉइंट लिहायचे. पॉइंटांची बेरीज चाळिसाच्या वर गेली की कापडाचा अख्खा ताका बाद. तीन वर्षांपूर्वी भाऊ निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळासोबत थट्टा म्हणून लाल बाणांचे चार रोल दिले. त्या लोकांना आमच्या बिल्डिंगमध्ये राहायचं नव्हतं, म्हणून त्यांना थट्टा सुचली.

पहिल्या महिन्यात लिफ्टच्या आरशावर पाच बाण आले. सोसायटीने नवीन रंग दिला त्या भिंतीवर इतके बाण लागले की पाहुणे बाणांच्या दिशेने जिना शोधायला लागले. माझ्या हेल्मेटवर एक, गणपतीच्या मखरावर तीन. अध्यक्षांनी नोटीस काढली, तर नोटिशीच्या कागदावर एक बाण, कारण तो वरून तिरका कापला होता. कोणी भांडायला गेलं की भाऊंचं एकच उत्तर असायचं, "फॉल्ट काढून नाही राहिलो गा, फक्त दाखवून राहिलो."

खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडायचा. मी परीक्षा विभागात नोकरी करते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात गेली आहेत, त्यामुळे चूक दिसल्यावर गप्प बसण्यात काय यातना असतात ते मला ठाऊक आहे. पण मी बाई आहे आणि मला शेजाऱ्यांमध्ये राहायचं आहे, म्हणून मी गप्प बसते. भाऊ बसत नाहीत.

आता शोभाताईंकडे येते. शोभाताई म्हणजे भाऊंची बायको. शांत बाई. दोन वर्षं रोज दुपारी, भाऊ झोपले की, माझ्या गॅलरीत, आणि मी ऑफिसात असले तर त्यांच्या खिडकीत बसून, त्यांनी एक मोठं भरतकाम पूर्ण केलं. नवऱ्याला दाखवलं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी त्यांनी ते बैठकीतल्या भिंतीवर टांगलं, शिरा केला आणि भाऊ बाजारातून आल्यावर विचारलं, "कसं आहे?"

भाऊंनी पिशव्या खाली ठेवल्या. चित्र भिंतीवरून उतरवलं. काचेच्या टीपॉयवर पसरलं, खाली टेबललॅम्प ठेवला आणि चाळीस मिनिटं वाकून बघितलं. सतरा बाण लावले. मग कंबर सरळ करून, चेहऱ्यावर असा आनंद आणून की जणू मुलगी बोर्डात आली आहे, ते म्हणाले, "अडतीस पॉइंट. पास."

भाऊंच्या हिशेबाने ही शाबासकी होती, आणि साधीसुधी नव्हे. हाताने केलेलं काम पहिल्या फटक्यात पास होताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण शोभाताईंनी सतराच्या सतरा बाण एकेक करून काढले, कापडाची गुंडाळी केली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. भरतकामाची रिंग माळ्यावर गेली. त्यानंतर घरात रोज तीनच वाक्यं ऐकू येऊ लागली. चहा ठेवला आहे, जेवण झाकलं आहे, दार लावून घ्या. शिरा शोभाताईंनी वर आणून दिला, तो आम्ही खाल्ला.

सात-आठ महिने भाऊंना वाटत होतं की ऋतू बदलला की बोलेल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग डिसेंबरात एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. माझ्या रक्तदाबावर डॉक्टरांनी सांगितलेला उपाय म्हणून मी तेव्हाच धरमपेठेतल्या एका वाचनालयात दर रविवारी सकाळी होणाऱ्या कलारसग्रहणाच्या वर्गात नाव घातलं होतं. भाऊंनी त्याच वर्गाचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. त्यावर एकही बाण नव्हता, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"मले फक्त एवढंच शिकाचं आहे, ताई," ते म्हणाले, "की बायकोनं चित्र दाखवलं तं का म्हणाचं. मी तं पास म्हणलं होतं."

तर मी त्यांना माझ्या स्कूटीवर मागे बसवून नेऊ लागले. प्रत्येक सिग्नलला ते शेजारच्या गाडीवरच्या बाईच्या साडीबद्दल मला मोठ्याने माहिती द्यायचे. दोनदा मी लाल दिवा असताना गाडी काढली, ती याच कारणाने.

वर्ग घेणाऱ्या ईशा मॅडम तिशीच्या आतल्या, स्वतः चित्रं काढणाऱ्या आणि स्वभावाने फार धीराच्या. पहिल्या रविवारी त्यांनी भिंतीवर प्रोजेक्टरने एक चित्र दाखवलं आणि काय दिसतं ते विचारलं. टोंगसे नावाचे एक निवृत्त वकील दर चित्राला डोळे मिटून "वा" म्हणायचे, ते म्हणाले, "वा." कोणी एकांत म्हणालं, कोणी विरह. भाऊ म्हणाले, डाव्या काठापासून चौदा सेंटिमीटरवर एक काळा डाग आहे. मॅडम म्हणाल्या, डाग नसेल, चित्रकाराने काही हेतूने केलेलं असेल. टोंगसे वकिलांनी त्या हेतूवर लगेच पाच मिनिटं भाष्य केलं. एकटेपणातला तो शेवटचा बिंदू, वगैरे. मॅडम जवळ जाऊन बघायला लागल्या तर शेवटचा बिंदू शेपूट हलवून छतावर चढला. पाल होती. पुढची दहा मिनिटं अर्धा वर्ग खुर्च्यांवर उभा होता आणि भाऊ एकटे खाली बसून वहीत काहीतरी लिहीत होते. मी नंतर डोकावून पाहिलं. "फॉल्ट चालतो. पॉइंट कसे द्यावे?"

दुसऱ्या रविवारी त्यांची नजर मॅडमच्या जीन्सवर गेली. दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली होती. तास संपेपर्यंत त्यांनी स्वतःला कसं धरून ठेवलं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. तिसऱ्या रविवारी ते सुईदोरा घेऊन आले, दोरा अगदी त्याच निळ्या रंगाचा. मॅडम हसल्या आणि त्यांनी समजावलं की ती विकत घेतानाच फाटलेली होती आणि फाटलेली असते म्हणूनच महाग असते. भाऊ खाली चहाच्या टपरीवर मला हळूच म्हणाले, आपण एकोणतीस वर्षं जे बाद केलं ते नेमकं कुठे जात होतं, याची चौकशी करायला पाहिजे होती.

तरी शिकण्यात त्यांनी कसूर केली नाही. वर्गात जे जे कौतुकाचे शब्द ऐकू यायचे ते वहीत उतरवायचे, घरी पाठ करायचे आणि सराव म्हणून स्वयंपाकावर वापरून बघायचे. ही बातमी मला शोभाताईंकडून कळली, कारण इतक्या महिन्यांत त्या माझ्याकडे पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्या. दोडक्याची भाजी वाढली तर नवरा म्हणाला, अवकाशाचा वापर छान केला आहे. त्यांना वाटलं, भाजी कमी वाढली असं टोमण्यात सांगतायत, म्हणून त्यांनी अख्खं पातेलं त्याच्या ताटात पालथं केलं. दुसऱ्या दिवशी वरणाचा भुरका घेऊन म्हणाला, यात एक आतला तणाव आहे.

"तणाव आहे तं नका खाऊ म्हटलं," शोभाताई म्हणाल्या. "ताई, तुम्ही यायले कुठं घेऊन जाऊन राहिल्या?"

मी खरं सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं, पण नवरा-बायकोच्या मध्ये पडून मी एकदा माझी सख्खी बहीण दोन वर्षांसाठी गमावली आहे.

मग सहाव्या रविवारी मॅडम आम्हाला एका तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनाला घेऊन गेल्या. तिथे एका भिंतीवर सहा फूट गोणपाट ताणून लावलं होतं. ठिकठिकाणी भोकं पाडलेली, धागे लोंबतायत. शेजारी कार्ड, त्यावर नाव, "जखम". टोंगसे वकील दहा सेकंद थांबले, वा म्हणाले, पुढे गेले. आम्ही बाकीचेही त्याच चालीने पुढे गेलो. तासाभराने मॅडमनी माणसं मोजली तर एक कमी. परत येऊन बघतो तर भाऊ त्या गोणपाटासमोर मांडी घालून बसलेले, नाकावर चष्मा, हातात सुई. लोंबणाऱ्याच धाग्यांतला एक ओढून घेऊन त्यांनी मधलं सगळ्यात मोठं भोक रफू करून टाकलं होतं.

चित्रकाराला बोलावलं. तो पोरगा धावत आला, आणि त्याला भोक सापडेना. त्याचं स्वतःचं भोक. दोन्ही हात गोणपाटावर फिरवत तो शोधत होता आणि भाऊ मागून त्याला मदत करत होते, जरा उजवीकडे, अजून थोडं खाली. मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि विचारलं की हे काय केलंत. भाऊंना माझा राग कळेचना.

"जखम लिहिलं होतं ना, ताई," ते म्हणाले. "म्हणून शिवली."

शेवटी रफू त्यांनाच उसवायला लावली, कारण दुसऱ्या कोणाला ती दिसत नव्हती. त्यांनी ती एकेक टाका मोजून उसवली आणि पोराची माफी मागितली. पोरगा रागावला होता, पण जाताना त्याने त्यांना विचारून घेतलं की धागा असा आत कसा दडवायचा.

बाहेर पायऱ्यांवर मला वाटलं, आता मॅडम बोलणार. मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, लोक एका चित्राला दहा सेकंद देतात, तुम्ही तास दिलात. बघणं मी तुम्हाला काय शिकवणार. भाऊ वर्गाला का येतात ते मी मॅडमना आधीच सांगितलं होतं; सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं की तुमच्या मिसेसनी केलेलं ते भरतकाम कशाचं आहे.

भाऊ सांगू लागले. नव्वद बाय साठ. कापड सुती. वरच्या काठापासून अकरा सेंटिमीटरवर टाका ढिला, एक पॉइंट. उजवीकडे हिरव्या धाग्याची छटा बदलली, दोन पॉइंट. सतराच्या सतरा जागा त्यांना तोंडपाठ होत्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "पण चित्र कशाचं आहे?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, समोरच्या रस्त्याकडे बघितलं. हिरवं होतं, एवढं म्हणाले. ज्या माणसाला माझ्या दुपट्ट्याचा सुटलेला धागा मागच्या सीटवरून दिसतो, त्याला आपल्या बायकोने दोन वर्षं कशाचं चित्र काढलं ते ठाऊक नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग त्यांचा चेहरा बघून फार वाईट वाटलं.

"कारखान्यातल्या उस्तादनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "डिझाइन पाहू नको. डिझाइन पाहिलं की फॉल्ट सुटते. मी नाही पाहिलं मॅडम. कधीच नाही पाहिलं."

परतताना एकाही सिग्नलला त्यांनी कोणाच्या साडीबद्दल काही सांगितलं नाही. घराजवळ आल्यावर मात्र माझ्या मागे लागले. तुमच्या गॅलरीत बसून केलं आहे, तुम्ही पाहिलं असन, कशाचं होतं तेवढं सांगा. शेवटच्या रविवारी वर्गात प्रत्येकाने आपल्या आवडीच्या एका चित्रावर बोलायचं होतं आणि त्यांना त्याच चित्रावर बोलायचं होतं. मी नाही म्हटलं. पुढचे तीन आठवडे ते मला जिन्यात, पार्किंगमध्ये, एकदा तर गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसाच्या आडून विचारत राहिले. मोर होता का? डोंगर? नुसतं हो-नाही सांगा. मी म्हटलं, जिने काढलं तिला विचारा. ते म्हणाले, विचारलं की तिला कळेल की मी पाहिलंच नाही. मी म्हटलं, भाऊ, ते तिला त्याच दिवशी कळलं आहे.

शेवटच्या रविवारी साडेआठला मी हेल्मेट घेऊन खाली आले. दार उघडं होतं. शोभाताई दिवाणावर बसून मेथी निवडत होत्या आणि भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बंद कपाटासमोर उभे होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे बिजागऱ्या तपासतायत. ते कपाटाकडेच तोंड करून बोलले.

"शोभा, ते चित्र कशाचं होतं वं?"

शोभाताईंचा हात थांबला नाही. एक जुडी संपली, दुसरी घेतली.

"मले माहीत नाही," भाऊ म्हणाले, आणि आता वळले. "मी पाहिलंच नाही. सगळं पाहिलं अन् तेच नाही पाहिलं."

शोभाताईंनी ताट बाजूला सरकवलं, हात पुसले, कमरेची किल्ली काढली. एवढं विचारायला इतके महिने लागले, इतकंच त्या पुटपुटल्या आणि त्यांनी गुंडाळी आणून दिवाणावर पसरली. भाऊ सवयीने खालच्या डाव्या कोपऱ्यावर वाकले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. ते सरळ झाले आणि मॅडमनी सांगितलं होतं तसे तीन पावलं मागे गेले. पाठ फ्रिजवर आपटली, तिथेच उभे राहिले.

मी ते चित्र तुकड्यातुकड्याने होताना पाहिलं होतं, पूर्ण कधीच नाही. वरपासून खालपर्यंत हिरव्या जमिनीवर फुलंच फुलं, पांढरी, केशरी, मधूनच एखादं निळं, ओळीने खाली उतरणारी. आणि अगदी तळाशी अंगठ्याएवढा एक माणूस, पाठमोरा, निळा शर्ट घातलेला. त्या फुलांवर इतका वाकलेला की डोकं जवळजवळ दिसतच नव्हतं.

"हा कोण होय?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही."

शोभाताई सांगत होत्या आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. पुष्कळ वर्षांपूर्वी कारखान्यात एकदा घरच्या माणसांना आत नेऊन काम दाखवलं होतं. बाकी बायकांचे नवरे सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर फिरत होते, भाऊ टेबलावर होते. त्यांच्या पाठीमागे काचेच्या दाराआड शोभाताई दहा मिनिटं उभ्या राहिल्या. भाऊंनी वळून पाहिलं नाही. शोभाताईंना त्याचं काही वाटलं नाही, उलट नवरा कामात इतका बुडालेला असतो हे बघून बरं वाटलं. त्या वेळी टेबलावरून जे कापड जात होतं त्याची नक्षी त्यांनी दहा मिनिटांत पाठ केली आणि घरी येऊन एका कागदावर काढून ठेवली. कागद इतकी वर्षं डब्यात होता.

भाऊ पुढे आले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. पुसून काही उपयोग झाला नव्हता, कारण पाणी काचेवर नव्हतं.

"इतकी फुलं जात होती का वं माह्या हाताखालून?" ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं. अन् मले कोणी सांगितलं नाही."

"आता मी सांगून राहिली ना," शोभाताई म्हणाल्या, आणि त्यांचं बोट धरून त्यांनी वरच्या पहिल्या फुलावर ठेवलं. "ही जाई होय. नाही तं मोगरा समजसान."

"अन् हे?"

मी दार ओढून घेतलं आणि वर्गाला एकटी गेले. भाऊ का आले नाहीत असं मॅडमनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की ते एक चित्र बघतायत. टोंगसे वकील वा म्हणाले. बारा वाजता मी परत आले आणि दोडक्याची जास्तीची भाजी द्यायच्या निमित्ताने खाली डोकावले, तर दोघं दिवाणावर तशीच बसलेली होती. मेथी अर्धी निवडायची राहिली होती आणि भाऊंचं बोट अजून तिसऱ्याच ओळीत होतं.